रिठा आणि निलगिरीची बाटली

घरीं केलेलें तें सर्व निर्धोक, अशी समजूत सांप्रत बळावत आहे. शिकेकाई, रिठा, उटणें यांचे आम्ही अभिमानी आहों. रिठ्याच्या सालींत फेंस आणणारें द्रव्य मुळांतच असतें; केंस, लोकर व रेशीम त्यानें उत्तम स्वच्छ होतात. डोळ्यांत गेला तर तो किती झोंबतो, हें विद्यार्थ्यांस सांगणें नको!

परंतु निलगिरीच्या तेलाची गोष्ट निराळी. पाल्यांतून वाफेच्या योगानें काढलेला तो अर्क होय. टोपलीभर पानांचें बळ थोड्या थेंबांत सांठतें. चमचाभर तेल पोटांत गेल्यास लहान मुलास झटके येतात, तें बेशुद्धही पडतें. कापूरही तसाच. आणि ही बाटली कित्येक घरीं खोबरेलाशेजारीं, मुलांच्या हाताशीं असते! वर ‘नैसर्गिक’ असें छापलेलें असतें खरें; पण कण्हेरही निसर्गाचीच आहे.

असें तेल निव्वळ अंगास लावूं नये, खोबरेलांत थेंबभरच मिसळावें, आणि तान्ह्या मुलाच्या नाकाशीं तर नेऊंच नये. आमच्या मतें त्या बाटलीची जागा फिनाइलजवळ, कुलुपांत आहे. रिठे मात्र मोठ्या मुलांकडे खुशाल द्यावे. ते फोडण्यांत त्यांस मौज वाटते.