तळ्यात की मळ्यात?

चला, आधी एक छोटीशी टेस्ट घेऊ. गाडीत एफएमवर छान गाणं लागलंय, तरी दुसऱ्या स्टेशनवर काय चाललंय ते बघायला तुमचा हात बटणाकडे जातो? हॉटेलात मेन्यूकार्डाचं शेवटचं पान वाचल्याशिवाय ऑर्डर देववत नाही? आणि दिल्यावर शेजारच्या टेबलवरची डिश बघून ‘अरेरे, ते मागवायला हवं होतं’ असं होतं? नवा मोबाइल घेतला, पैसे भरून झाले, तरी त्याची किंमत कुठे कमी झाली का ते रोज बघणं चालूच राहतं?

बहुतेक उत्तरं ‘हो’ असतील तर अभिनंदन, तुम्ही चोखंदळ आहात. आणि सॉरी, बहुधा थोडेसे वैतागलेलेही आहात.

यातला रेडिओचा प्रश्न माझा नाही. बॅरी श्वार्त्झ हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी २००२मध्ये एक प्रश्नावली तयार केली, त्यातला आहे. ढोबळमानानं माणसं दोन प्रकारची. एक चोखंदळ, ज्यांना उपलब्ध असलेल्यातलं ‘बेस्ट’च हवं असतं. दुसरी, जिला मी ‘चालतंय की’ गँग म्हणते. ही मंडळी मनात एक पट्टी ठरवतात, तिला उतरलेली पहिली वस्तू घेतात आणि घरी जाऊन जेवतात. या दुसऱ्या प्रकाराची मूळ कल्पना हर्बर्ट सायमन यांची, १९५६ सालची. माणसाकडे वेळ आणि डोकं दोन्ही मर्यादित असतं, तेव्हा ‘पुरेसं चांगलं’ शोधणं हेच शहाणपणाचं, असं त्यांचं म्हणणं. याच सायमनना १९७८मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या मित्रांना यापुढे हसू नका!

आता अप्रेझलच्या दिवसांत वाचावी अशी गोष्ट. शीना अय्यंगार, रेचल वेल्स आणि श्वार्त्झ यांनी नोकरी शोधणाऱ्या अमेरिकेतल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा पाठपुरावा केला. अभ्यास २००६मध्ये छापून आला. चोखंदळ विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त पगाराच्या नोकऱ्या मिळाल्या. पेढे वाटायला हरकत नाही ना? पण हीच मुलं नोकरी शोधताना जास्त टेन्शनमध्ये होती आणि मिळाल्यावरही जास्त असमाधानी. वीस टक्के हाईक आणि वर ही हुरहुर फ्री.

याचं कारण काय, यावर सगळीकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं: ऑप्शन्स फार झालेत. पुरावा म्हणून जॅमची गोष्ट सांगतात. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कमधल्या एका दुकानात अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी चव बघायला जॅमचं टेबल मांडलं. कधी २४ प्रकार, कधी फक्त ६. २४वाल्या टेबलापाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक थांबले, ६वाल्यापाशी ४० टक्के. पण खरेदीची वेळ आली तेव्हा २४वाल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी जॅम घेतला आणि ६वाल्यांपैकी ३० टक्क्यांनी. हा अभ्यास २००० सालचा. तेव्हापासून मॅनेजमेंटच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये तो दाखवतात. तुम्हीही झोप आवरत पाहिला असेल.

(बाय द वे, या शीना अय्यंगार म्हणजे दिल्लीहून परदेशी गेलेल्या शीख जोडप्याची मुलगी. आईवडिलांचं लग्न घरच्यांनी ठरवलेलं. ‘निवड’ हा विषय त्यांच्याकडे कुठून आला असेल याचा अंदाज आपल्याला तरी बांधता येतो.)

पण ट्रेनिंगवाले पुढची गोष्ट सांगत नाहीत. २०१०मध्ये अशा ५० प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले, तर सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणजे जास्त ऑप्शन्समुळे काही ठिकाणी लोक गोंधळले, तर काही ठिकाणी खूश झाले. २०१५च्या आणखी एका मोठ्या आढाव्यात दिसलं की आपल्याला नेमकं काय हवंय हे माहीत नसेल किंवा समोरच्या वस्तूंची तुलनाच अवघड असेल, तेव्हा घोळ होतो. नुसता आकडा गुन्हेगार नाही.

हे कळायला मला खरं तर कॅलिफोर्नियाची गरज नव्हती. पुण्यात लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात कधी आईबरोबर, मावशीबरोबर बसला असाल तर गादीवरचे काका आठवा. दुकानात हजारो साड्या. तरी काका आधी काय विचारतात? ‘कुणासाठी? कार्य काय? साधारण किती पर्यंत?’ मग पाच-सहा साड्या उलगडतात. नाक मुरडलं की ती साडी लगेच पाठीमागे. समोर ढीग होऊ देत नाहीत. जरा आवडलेली तेवढी मांडीजवळ. तासाभरात मांडीजवळ दोन उरतात आणि काका म्हणतात, ‘ही खांद्यावर टाकून बघा.’ मानसशास्त्राची डिग्री नाही, फक्त गादीवर बसून काढलेली वर्षं.

आणि माझी मावशी त्यांच्याही पुढची! साडीचे पैसे दिले की ती त्या दिवशी दुसऱ्या साडीच्या दुकानात पाऊल ठेवत नाही. काचेतूनसुद्धा बघत नाही. ‘भाव कळला की साडी फिकी पडते,’ म्हणते.

मला वाटतं, खरी मेख मावशीच्या या वाक्यात आहे. किती साड्या बघितल्या यापेक्षा, घेतल्यानंतर बघणं कधी थांबवलं, हे महत्त्वाचं.

याला आधार देणारा एक सुंदर प्रयोग आहे. हार्वर्डच्या डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी फोटोग्राफी शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांवर तो केला. मुलांनी स्वतः फोटो काढले, डार्करूममध्ये स्वतः दोन आवडते प्रिंट तयार केले. मग सांगण्यात आलं, यातला एकच ठेवायचा, दुसरा आम्ही घेणार. अर्ध्यांना सांगितलं, आत्ता ठरवा, नंतर बदल नाही. उरलेल्यांना काही दिवसांची मुभा, मन बदललं तर फोटो बदलून मिळेल. पुढे विचारलं, तुमचा फोटो किती आवडतो? ज्यांना बदलता येत नव्हता, त्यांना आपला फोटो जास्त आवडत होता. ज्यांना मुभा होती, ते बहुधा ‘हा की तो’ करत बसले. प्रयोग छापून आला २००२मध्ये.

गंमत तर पुढे आहे. यापैकी कोणता कोर्स घ्याल, असं दुसऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा जवळपास दोन तृतीयांश म्हणाले, अर्थातच बदलायची मुभा असलेला! कशानं समाधान मिळेल, हे आपलं आपल्याला कळत नाही ते असं.

आता जरा ऑफिसात नजर टाका. लहानपणी आपण ‘तळ्यात-मळ्यात’ खेळायचो, आठवतंय? आता ते आपलं करिअर प्लॅनिंग झालंय. नवीन जॉइन झालेला पोरगा पहिल्या महिन्यात रेझ्युमे अपडेट करतो, ‘राहू दे हातात’ म्हणून. वाकडला फ्लॅट घेतलेल्या एका मित्राच्या मोबाइलवर अजून नव्या स्कीम्सचे अलर्ट येतात. गृहप्रवेश होऊन सात महिने झाले. बंद का करत नाहीस? तर म्हणे, ‘मार्केट कळतं रे… सॉरी, गं.’ मार्केट कळतं, पण बाल्कनीतून टेकडी दिसते, हे त्याला परवा मी दाखवलं.

आणि एक मैत्रीण. मार्चमध्ये साखरपुडा झाला. मुलगा चांगला आहे, तिलाही आवडतो, आईस्क्रीमवरून भांडण्याइतपत ओळख झालीय. पण विवाहाच्या साइटवरचं तिचं प्रोफाइल अजून तसंच आहे. सोमवारी सकाळी नव्या ‘मॅचेस’ येतात आणि ती बसमध्ये त्या चाळते. कुणाला भेटायचं नाहीये, काही करायचं नाहीये. ‘अगं, नुसतं बघतेय.’ पण नुसतं बघून झालं की त्या दिवशी होणाऱ्या नवऱ्याची उंची दोन इंचांनी कमी होते, हे तीच सांगते.

तुम्ही म्हणाल, मग काय, आजीच्या काळात जायचं का परत? बरं झालं विचारलंत. आजीला लग्नाआधी मुलाचा फोटोसुद्धा दाखवला नव्हता. गिल्बर्टसाहेबांच्या हिशेबानं ती सगळ्यात सुखी असायला हवी. घरात सगळे सांगतातही, आजी फार समाधानी होती. मी एकदा तिलाच विचारलं होतं. ती म्हणाली, ‘असं कुणी विचारतं का?’ हे उत्तर समाधानाचं होतं की नाही, मला आजवर ठरवता आलेलं नाही. सुटका नसेल तर मन स्वतःची समजूत घालून घेतं, आणि इतकी छान घालतं की ती खरीच वाटायला लागते. फोटोच्या बाबतीत ही मनाची खुबी गोड आहे, पण संसाराच्या बाबतीत तिची मला थोडी भीतीच वाटते. त्रास होतोय, जीव घुसमटतोय, तिथे बाहेर पडायची वाट हवीच. त्यावर नो डिस्कशन.

निवड मुळातूनच काढून घेतली तर काय होतं, याचाही अभ्यास आहे. १९७६मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये एका वृद्धाश्रमात दोन मजल्यांवर वेगवेगळी वागणूक देऊन पाहिली. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं, तुमच्या गोष्टी तुम्ही ठरवा. हवं ते रोपटं निवडा, त्याला पाणी तुम्हीच घाला, सिनेमा कोणत्या रात्री बघायचा तेही तुम्हीच सांगा. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, सिनेमा दाखवला, पण निवडणं आणि पाणी घालणं कर्मचाऱ्यांकडे. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त आनंदी आणि तरतरीत दिसली. केवढी ती निवड? एक रोपटं आणि एक रात्र! पण त्यांची स्वतःची.

तेव्हा आजीच्या दाराला बाहेरून कुणीतरी कडी घातली होती, आणि मावशी दुकानातून बाहेर पडताना स्वतः दार ओढून घेते, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या पिढीला पहिली गोष्ट सुदैवानं (सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना) सोसावी लागत नाही. दुसरी मात्र आपल्याला कुणी शिकवलीच नाही. ‘कीप युअर ऑप्शन्स ओपन’ एवढंच शिकवलं, तेही फी घेऊन.

हे सगळं मी त्या मैत्रिणीला कॉफी पिता पिता ऐकवलं. जॅमला ती कंटाळली, फोटोला मात्र गप्प झाली. मग मोबाइल काढून म्हणाली, ‘चल, आत्ता उडवते प्रोफाइल.’ सेटिंग्ज, अकाउंट, डिलीट… आणि स्क्रीनवर आलं, नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.

प्रोफाइल तिच्या बाबांनी बनवलेलं. ओटीपी बाबांच्या फोनवर. तिनं तिथूनच फोन लावला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अगं, लग्न होईपर्यंत असू दे ना. तुझं काय जातंय?’