करपा आणि शेजारधर्म

परसांत बटाट्याचे दोन वाफे करावे, कुंड्यांतून टोमॅटोचीं चार रोपें लावावीं, ही हौस आतां शहरांतील घरांतूनही दिसूं लागली आहे. ही गोष्ट स्तुत्य होय. परंतु जो लावतो त्यानें वेळीं उपटावयासही शिकलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि त्याचें कारण करपा हा रोग होय.

करपा दोन प्रकारचा असतो. लवकर येणारा करपा जुन्या, खालच्या पानांवर वलयांकित तपकिरी ठिपके पाडतो. तो सावकाश पसरतो व रोगट पानें खुडून बराच आवरतां येतो. उशिरा येणारा करपा मात्र भयंकर. थंड, दमट हवेंत पानांवर पाणी मुरल्यासारखे काळपट डाग पडतात, सकाळीं पानांच्या मागें पांढुरकी बुरशी दिसते, आणि थोड्याच दिवसांत सारें झाड जळाल्यासारखें होतें. बटाटा व टोमॅटो एकाच कुळांतले. म्हणून एकाचा हा रोग दुसऱ्यास सहज जडतो.

या रोगाचा प्रताप आयर्लंडनें पाहिला आहे. १८४५ पासून तेथील बटाट्याचें पीक वारंवार बुडालें. राज्यकर्त्यांच्या अनास्थेची त्यांत भर पडून सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व साथींनीं मेलीं, व त्याहूनही अधिकांस देश सोडावा लागला. त्या काळीं पुष्कळ विद्वान् हवेस दोष देत होते. १८४६ सालीं बर्कली यांनीं बुरशी हेंच मूळ कारण असल्याचें प्रतिपादिलें.

मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण १८८५ पासून प्रसिद्ध आहे. घरगुती प्रमाण एक लिटर पाण्यास दहा ग्रॅम मोरचूद व दहा ग्रॅम चुनकळी असें असून, तें लोखंडी भांड्यांत करूं नये. परंतु हें मिश्रण निरोगी पानाचें रक्षण करतें. सडलेलें झाड तें बरें करीत नाहीं.

“एवढें एक झाड राहिलें तर काय बिघडलें?” असें कोणी विचारील. बिघडतें तें शेजाऱ्याचें! करप्याचे बीजाणू वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जाऊं शकतात. कुंपण त्यांस अडवीत नाहीं. आमचें झाड गेलें तर एका वेळची भाजी जाते. पण खेड किंवा आंबेगांव तालुक्यांतील शेतकऱ्याचा बटाटा गेला तर त्याचें वर्ष जातें. आमच्या हौसेचें ओझें त्याच्या माथीं कां असावें?

म्हणून रोगट टोमॅटोचें झाड दिसतांच उपटून खोल पुरावें. खताच्या ढिगावर टाकूं नये. त्यावरील निर्दोष हिरव्या फळांची चटणी खुशाल करावी. बटाट्याचा पाला कापून दूर करावा, व दोन आठवड्यांनीं कोरड्या हवेंत बटाटे काढावे. एकही बटाटा जमिनींत राहूं देऊं नये, कारण जिवंत कंदांत हा रोग दडून राहतो. आणि त्या पिकाचें बियाणें तर मुळींच धरूं नये. पाणी सकाळीं व बुंध्याशीं घालावें, म्हणजे पानें कोरडीं राहतात.

स्वतः वाढविलेलें झाड उपटतांना हात अडखळतो हें आम्ही जाणतों. परंतु एका झाडाची दया करून गांवाचें पीक धोक्यांत घालणें ही दया नव्हे. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हा विवेक बागेंतच शिकावा, एवढीच आमची सूचना आहे.