क्लिकवर प्लॉट… तोही सेमाडोहला?

मागच्या महिन्यात हिंजवडीतल्या एका मित्राचा फोन आला. एक्साइटमेंट तर विचारूच नका! "अगं, सेमाडोहला फार्महाऊस प्लॉट मिळतोय. सिपना नदी जवळ, टायगर रिझर्व्ह टच, क्लिअर टायटल. आणि मेन म्हणजे डायरेक्ट ओनर. दलाली झिरो!" साईटवर फोटो पाहून, मॅप झूम करून पठ्ठ्यानं 51 हजारांचं टोकन यूपीआयनं पाठवूनही दिलं होतं. फक्त जागा बघायची राहिली होती. मी अमरावतीची, म्हणून ते काम माझ्या गळ्यात.

परतवाड्याहून घाट चढून सेमाडोहला पोचले आणि चहाच्या टपरीवर मोबाईलमधले फोटो दाखवले. टपरीवाले काका म्हणाले, "हे तं आपल्या कोरकू आजोबाचं वावर हाय ना ताई. ते कायले इकतीन? अन् इकतो म्हटलं तरी असं इकता येते काय?"

आजोबा वावरातच भेटले. आपली जमीन मोबाईलवर विक्रीला लागली आहे, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. त्यांनी सुनेला हाक मारून फोटो दाखवला आणि मला दोनदा विचारलं, हा कोणी काढला? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काकांचं बरोबरच होतं. चिखलदरा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर कलेक्टरची परवानगी लागते, आणि त्याआधी राज्य सरकारची मान्यता. शिवाय आपल्याकडे शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. माझ्या मित्राच्या सात पिढ्यांत वावर नाही! जाहिरातीत यातलं काहीच नव्हतं. स्विमिंग पूलला जागा आहे, हे मात्र होतं.

आता तुम्ही म्हणाल, हा जंगलातला किस्सा, शहरातल्या टू बीएचकेचं काय? तिथे साईट्सनी मजा आणली, हे मान्यच. 2005 च्या आसपास 99एकर्स आणि मॅजिकब्रिक्स आल्या, 2014 मध्ये नोब्रोकर आलं. कुठला फ्लॅट रिकामा आहे, एवढ्याच माहितीवर जगणाऱ्या एजंटचं दुकान त्यांनी खरंच बसवलं. 50 लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्के म्हणजे लाखभर रुपये, आणि काम काय, तर कुलूप उघडून हॉल दाखवणं! त्याच्यासाठी मी तरी रडणार नाही.

पण गंमत बघा. नोब्रोकरवरही पैसे भरून प्लॅन घेतला की दिमतीला रिलेशनशिप मॅनेजर मिळतो. म्हणजे माणूस आलाच! अमेरिकेत झिलो कंपनी तर कॉम्प्युटरनं किंमत काढून स्वतःच घरं विकत घ्यायला लागली होती. अंदाज चुकले, तोटा झाला आणि 2021 मध्ये तो उद्योग बंद करावा लागला. एजंटांकडून जाहिरातीचे पैसे घेण्याचा तिचा जुना धंदा मात्र चालूच आहे. आणि आपलं महारेरा? 2017 पासून एजंटची नोंदणी आणि 2023 पासून वर परीक्षासुद्धा. संपणाऱ्या जमातीची कोणी परीक्षा घेतं का?

परतताना परतवाड्यात ओळखीच्या एका जुन्या दलालाकडे थांबले. त्यांनी माझ्यासमोर 15 रुपये भरून ऑनलाईन सातबारा काढला. वय साठीच्या पुढे, चष्मा कपाळावर, पण साईट तोंडपाठ! बोट थेट 'इतर अधिकार'च्या रकान्यावर. "फोटो मंग पाह्यजो बाई, पहिले हे वाचत जाय. अन् वारस किती, त्यातल्या कोणाची सही बाकी हाय, हे तं यातही नसते. त्याले गावात जा लागते." मग मी त्या 'डायरेक्ट ओनर'चा नंबर दाखवला. त्यांनी तो स्वतःच्या फोनमध्ये टाईप केला, नाव उमटलं, आणि ते खो खो हसले. "हा कायचा मालक? हा तं आमच्याच लाइनमधला हाय!"

तो फोन दोन दिवस बिझी होता, नंतर स्विच्ड ऑफ. 51 हजारांसाठी मित्रानं सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. परवा त्याचा पुन्हा मेसेज आला. अमरावतीत कॅम्प भागात एक फ्लॅट साईटवर आवडलाय म्हणे. लिंक होती, बारा फोटो होते, आणि खाली एकच ओळ: "परतवाड्याच्या त्या काकांचा नंबर दे ना."