मिगला गंज चढत नाही

गेले दोन महिने आमच्या डायनिंग टेबलाचं एक टोक हवाई दलाच्या ताब्यात होतं. घरातले सगळे दुसऱ्या टोकाला जेवायचे आणि मी डोळ्याला भिंग लावून मिग-२१ बांधायचो! १/७२ स्केलचं प्लास्टिक मॉडेल. म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ इंच तो मॉडेलचा एक इंच. खऱ्या मिगच्या पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, माझ्या मिगची जेमतेम दहा सेंटिमीटर. तळहातावर मावतं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खोक्यातून प्लास्टिकच्या चौकटी निघतात, त्यांना चिकटलेले भाग कटरने सोडवायचे, पॉलिश पेपरने घासायचे आणि जोडायचे. यातला डिंक चिकटवत नाही, तो प्लास्टिकच विरघळवून दोन भागांचा एक करतो. त्यामुळे अनडू नाही. (सोमवार ते शुक्रवार कंट्रोल-झेडवर जगणाऱ्या माणसाला हे फार जड जातं.) मिगच्या नाकात शिशाचे तुकडे भरायचे, नाहीतर ते शेपटीवर बसतं. मग रंग: एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात. त्यावर चकचकीत वार्निश, त्यावर हवाई दलाची चक्रं आणि नंबर. आणि शेवटी ज्याच्यावरून हा सगळा लेख आहे ते वेदरिंग.

वेदरिंग म्हणजे मॉडेल मुद्दाम मळवणं. पातळ काळा ऑइल पेंट पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषांत सोडायचा, तो आपोआप धावत जातो. मग तेलाचे ओघळ, काजळी, उडालेला रंग, गंजाचे डाग. मी यूट्यूबवर वीसेक व्हिडिओ बघितले आणि मन लावून सगळं केलं. मॉडेल काय दिसत होतं म्हणून सांगू! दहा युद्धं बघून आल्यासारखं.

त्या रविवारी बाबा नाशिकहून आले.

इथे सांगायला हवं की बाबा ओझरला एचएएलमध्ये होते. सोव्हिएत रशियाकडून परवाना घेऊन मिग-२१ आपल्याकडे बांधायचं ठरलं तेव्हा, १९६४ मध्ये, तो कारखाना उभा राहिला. बाबा लागले ते १९८० च्या दशकात, मिग-२१ बिस बनत होतं तेव्हा. मी केलेलं मॉडेलही बिसचंच. सरप्राइज द्यायचं होतं.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्याजवळ धरलं. "हे काय, भंगारातून उचललंस?"

"बाबा, वापरलेलं विमान असंच दिसतं."

"कोण म्हणतं?"

खरं उत्तर 'यूट्यूब' हे होतं, म्हणून मी गप्प बसलो. मग त्यांनी पंखावरचे तपकिरी ओघळ दाखवले. "अरे, ॲल्युमिनियमला तांबडा गंज कधीपासून चढायला लागला?"

झालं! दोन महिन्यांची मेहनत एका वाक्यात. नंतर त्यांनी एका सांध्याच्या काळ्या रेषेवर नख ठेवलं. "आणि एवढी फट? इन्स्पेक्शनवाल्याने हाकलून दिलं असतं." मला वाटलं, उगाच. रात्री हिशेब केला. माझी रेषा साधारण ०.२ मिलिमीटर. गुणिले ७२, म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ दीड सेंटिमीटर रुंद काळीकुट्ट फट! आवाजाच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणाऱ्या विमानावर.

तेव्हापासून माझं मत असं झालंय, की आम्ही बरेच मॉडेलवाले विमानाचं मॉडेल करतच नाही, दुसऱ्याच्या मॉडेलचं मॉडेल करतो. एकाने रेषा काळ्या केल्या, दुसऱ्याने जास्त काळ्या केल्या, आता तेच 'रिअलिस्टिक' म्हणून बक्षिसं घेतंय. मूळ स्पेसिफिकेशन न वाचता शेजारच्याचा कोड उचलण्यासारखं आहे हे.

आता दुसरी बाजूही सांगतो. विमानं मळत नाहीत असं अजिबात नाही. अमेरिकन नौदलाची जहाजांवरची विमानं खरोखर ठिगळं लावल्यासारखी दिसतात, कारण खाऱ्या हवेपासून पत्रा वाचवायला तिथल्या तिथे रंगाचे हात मारले जातात. शिवाय दहा सेंटिमीटरच्या वस्तूवर ट्यूबलाइटखाली खऱ्यासारख्या सावल्या पडत नाहीत, त्या थोड्या रंगवाव्याच लागतात. रंगभूमीवरचा मेकअप म्हणा ना. पण मेकअप वेगळा आणि तोंडाला काळं फासणं वेगळं. माझा नियम आता एवढाच: त्याच विमानाचा, त्याच काळातला फोटो समोर ठेवायचा. फोटोत दिसेल तेवढा मळ. नसेल तर नाही.

कारण उडणारं विमान हे कुणीतरी राखलेलं विमान असतं. ते कुणीतरी धुतलेलं असतं, प्रत्येक उड्डाणाआधी तपासलेलं असतं. बाबा सांगतात, संध्याकाळी हत्यारं मोजताना एक स्पॅनर कमी भरला की शिफ्ट सुटायची नाही. त्या माणसांच्या कामावर मी हौसेखातर गंज रंगवला होता.

मग अपघातांचं काय, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. १९६३ ते २०२५ अशी ६२ वर्षं मिग-२१ हवाई दलात होतं, आणि त्या काळात शेकडो अपघात झाले. 'उडती शवपेटी' हे नाव काही उगाच पडलं नाही. स्वच्छ, नीटनेटकं मॉडेल करून मी ते झाकतोय का? हे मी बाबांना विचारलं. कारखान्याची बाजू घेतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मग म्हणाले, "मिग पडल्याची बातमी आली की आमच्यात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. नंबर कळेपर्यंत."

नंबर म्हणजे विमानाचा. आपल्या हाताखालून गेलेलं तर नव्हतं ना, एवढंच कळेपर्यंत. आणि नंबर दुसरा निघाला तरी सुटल्यासारखं वाटायचं नाही, म्हणाले. कारण पायलट कुणाचा तरी मुलगा असायचाच.

हे कुठल्या वेदरिंगमध्ये दाखवणार? पंखावरच्या काजळीतून तर नक्कीच नाही. मळवलेलं मॉडेल शोकांतिका दाखवत नाही, फक्त निष्काळजीपणा दाखवतं. तोही बाहेरचा, आणि बहुतेक वेळा नसलेला.

असो. नशिबाने शेवटचं मॅट वार्निश मारायचं राहिलं होतं. ऑइल पेंट थिनरने पुसून निघाला. काळ्याऐवजी विमानाच्याच राखाडी रंगाची किंचित गडद छटा रेषांत सोडली. पोटाखालच्या तोफेच्या तोंडाशी थोडी काजळी ठेवली, शेपटीकडचा जेट पाइप तापून करपलेला ठेवला, टायरवर थोडी धूळ. बस्स.

काल बाबांना पुन्हा दाखवलं. त्यांनी माझं भिंग मागून घेतलं आणि पाच मिनिटं उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, डाव्या चाकाची झडप तिरकी बसलीय.

बसलीच आहे. पुढच्या शनिवारी काढून नीट लावतो.