चार दिवसांचे बिऱ्हाड, पणजीच्या जुन्या गल्लीत

आठदहा माणसे घेऊन गोव्याला निघायचे म्हटले की आपल्याकडची तयारी ठरलेली. गाडीत शेगडी, मोठे पातेले, पिठाचा डबा, आणि वाटेत सावली दिसली की चूल मांडायची. गोव्यात मात्र हे आता अंगाशी येते. तिथल्या पर्यटनस्थळांविषयीच्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून अशा ठिकाणी उघड्यावर स्वयंपाक करणे, दारू पिणे, बाटल्या फोडणे यांना दंड आहे. २०१९ च्या त्या दुरुस्तीत तो एकट्याला २,००० रुपये आणि गट असेल तर १०,००० ठरला होता. आपले कुटुंब कितीही सोवळे असले तरी कायद्याच्या लेखी तो गटच.

मग हॉटेल धरावे, तर हिशेब करून पाहा. समजा, खोलीला दिवसाचे २,००० पडले. आठ माणसांना तीन खोल्या, म्हणजे ६,००० झाले, आणि चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळे बाहेरचे. म्हातारीला ते तेलकट सोसत नाही, लहानग्याला वेळेवर दूध मिळत नाही. तेवढ्याच पैशात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेले अख्खे घर चार दिवसांसाठी मिळाले, तर एका वेळच्या पिठल्यातच पुष्कळ वाचते. आकडे नुसते हिशेबापुरते घेतले आहेत. खरा भाव हंगामावर ठरतो. नाताळ ते नवे वर्ष आणि कार्निव्हलचे दिवस टाळावेत. पावसाळ्यात भाडे उतरते, पण तेव्हा समुद्रात उतरायची मनाई असते आणि जुन्या घरांच्या भिंतींना ओल येते.

घर समुद्राकाठीच हवे असा हट्ट धरू नये. किनारा बघायला बसने जाता येते. राहायला पणजीतला फोंतेन्हास हा जुना भाग मला अधिक पसंत आहे. आल्तिनोची टेकडी आणि ओरेम खाडी यांच्यामध्ये ही चिंचोळी वस्ती आहे. पाटोच्या कदंब बसस्थानकावर उतरून खाडीचा पूल ओलांडला की सामान डोक्यावर घेऊनसुद्धा पोचता येते. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशन जवळचे.

फोंतेन्हास म्हणजे झरे. टेकडीच्या पायथ्याशी झरा होता, त्यावरून हे नाव पडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे मोझांबिकहून परतलेल्या एका धनिकाची नारळाची बाग होती, भोवती दलदल. पुढे रोगराईने जुने गोवे ओस पडत गेले, सरकारी कारभार पणजीला आला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. ती माणसे राहणार कुठे? बाग आणि दलदल बुजवून घरे उठली. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौले, लोखंडी कठड्याचे सज्जे, काही खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या. पोर्तुगीज अमदानीत दर पावसाळ्यानंतर घराला रंग देणे बंधनकारक असे, आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला. म्हणून अजूनही गल्लीभर पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरे दिसतात. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलमध्ये एक मोठा क्रूस आहे, तो जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातून आणलेला. टेकडीच्या अंगाला मारुतीचे देऊळही आहे. संध्याकाळी तिथून खालची कौले पाहावीत.

आता घर ठरवण्याविषयी, कारण घोटाळे होतात ते इथेच. मोबाइलवर सुंदर फोटो दिसतात, भाडे निम्मे सांगतात, आणि सगळे पैसे आधी पाठवा म्हणतात. पोचल्यावर त्या दारावर तिसऱ्याचीच पाटी! गोव्यात पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवणाऱ्या घराची पर्यटन खात्याकडे नोंद लागते. तसा कायदाच १९८२ पासून आहे. तेव्हा पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा. मग व्हिडिओ कॉलवर मालकाला दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत चालत दाखवायला सांगावे. सगळे भाडे आगाऊ देऊ नये. थोडी रक्कम आधी, बाकीची किल्ली हातात आल्यावर. मालक एवढ्याला तयार नसेल तर दुसरे घर पाहावे. एवढे करूनही फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका; १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे अडवणे कठीण. आधारची प्रत द्यावी लागते, ती शेवटचे चार अंक दिसणारी, बाकीचे झाकलेली द्यावी.

कारभारणीने स्वतः विचारायचे प्रश्न वेगळे, आणि ते पुरुषमंडळींना सुचत नाहीत. शेगडी गॅसची की विजेची? विजेच्या सपाट शेगडीवर भाकरी फुगत नाही, तिला उघडा जाळ लागतो. तवा शक्यतो आपलाच न्यावा. संडास कोणत्या पद्धतीचा आणि कुठल्या मजल्यावर? जुन्या घरांचे लाकडी जिने उभे असतात, गुडघे धरलेल्या माणसाला रात्री दोनदा उतरावे लागले तर सहल तिथेच संपली. पावसाळ्यात जाणार असाल तर तळमजल्यावर पाणी शिरते का तेही विचारावे. हा भाग सखल आहे. आणि अनामत रक्कम किती, ती कधी परत, हे लिहून घ्यावे.

गाडी गल्लीत शिरेल या भरवशावर राहू नये. ती पाटोच्या बाजूला पैसे भरून ठेवलेली बरी. गोव्यात फिरायला भाड्याची गाडी घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत ना, ते पाहा. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे.

सकाळी पदेर सायकलवर भोंगा वाजवत पोई घेऊन येतो. ती गरमच खावी. दुपारी बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा भाजी-मासळीचा बाजार सकाळीच उरकावा. ओला आणि सुका कचरा वेगवेगळा द्यावा लागतो, त्यात हयगय चालत नाही.

या गल्लीत माणसे राहतात, हे बहुतेक पाहुण्यांच्या लक्षातच येत नाही. दारासमोरच्या बाल्कांववर बसून फोटो, खिडकीतून आत डोकावणे, रात्री मोठ्याने गाणी. आपल्या ओट्यावर कोणी परके येऊन असे बसले तर काय म्हणू आपण? काही घरांनी फोटो काढू नयेत अशा पाट्या लावल्या आहेत.

घरे पाहुण्यांना का दिली जातात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कारण सातबाऱ्यावरचेच आहे. गोव्याचा वारसा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज संहितेवर बेतलेला आहे. मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा, आणि मुले असतील तर आईबापांना मृत्युपत्राने निम्म्यापर्यंतच मालमत्ता मनाजोगी देता येते. न्याय म्हणून हे मला पटते. पण तीन पिढ्यांनंतर एका घराला वीस मालक होतात, एक मुंबईत, दुसरा लिस्बनला. कौले फिरवायला सगळ्यांची संमती जुळेपर्यंत वासा कुजतो. जो एकटा मागे राहिला, त्याला पाहुण्यांच्या भाड्यातून डागडुजी तरी करता येते. उलट सगळीच घरे पाहुण्यांची झाली की मुलांचा आवाज गल्लीतून जातो. स्पेनमधल्या बार्सिलोना शहराने २०२४ मध्ये जाहीर केले की २०२८ अखेर पर्यटकांच्या सुमारे १०,००० घरांचे परवाने पुन्हा द्यायचे नाहीत, कारण रहिवाशांना राहायला घर परवडेना. म्हणून घर निवडताना, मालक किंवा त्याचे कोणी माणूस त्याच वाड्यात राहते का, हे पाहावे. भाडे थोडे जास्त पडेल; पण नळ बिघडला तर हाकेला माणूस असते, आणि पैसा त्या गल्लीतच राहतो.

राहिला प्रश्न गोठ्याचा. दावणीला दुभती जनावरे असताना सगळ्यांना एकदम बाहेर पडता येत नाही. घराचे भाडे बहुधा दिवसावर असते. मालकाला आधी विचारून दोन पाळ्या कराव्यात: दोन दिवस एक निम्मे घर, उरलेले दोन दुसरे. किल्ली कोणाकडून कोणाकडे जाणार, आणि सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, हे मात्र मालकाला पहिल्याच दिवशी देऊन ठेवावे.