घर विकायचंय? मग सजवायचं किती?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्याभरात मला तिघीजणींनी एकच प्रश्न विचारला. एक खांदा कॉलनीतली, एक कामोठ्याची आणि तिसरी माझ्याच शाळेतली, स्टाफरूममध्ये शेजारी बसणारी. “अगं, आम्ही फ्लॅट विकायला काढलाय. एजंट म्हणतो, आधी जरा सजवून घ्या, मग बघा कसा भाव येतो ते. खरंच येतो का गं?” तिघींच्याही घरी रंगाऱ्याचा नि सुताराचा अंदाज येऊन पडला होता आणि तिन्ही आकडे लाखाच्या पुढचे होते. लाखभर रुपये म्हणजे काही भाजी-कोथिंबीर नव्हे. म्हणून आजचं सदर या विषयावर.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. घर स्वच्छ करा, मोकळं करा, मोडलंतुटलं दुरुस्त करा. एवढं केलेलं वाया जात नाही. पण विकण्यासाठी म्हणून घर नटवू नका. आणि ओल झाकण्यासाठी रंग तर मुळीच काढू नका.

ही सजवून विकण्याची कल्पना अमेरिकेतली. 1970 च्या दशकात बार्ब श्वार्झ नावाच्या, घरं विकून देण्याचा व्यवसाय करणाऱ्या बाईंनी ती रूढ केली. नाटकाला जसा रंगमंच सजवतात तसं गिऱ्हाईक येण्याआधी घर मांडायचं. म्हणून तिकडे त्याला ‘स्टेजिंग’ म्हणतात. भाड्याने सोफे आणायचे, पडदे बदलायचे, घरच्यांचे फोटो उतरवायचे, टेबलावर लिंबांनी भरलेला काचेचा वाडगा ठेवायचा. (लिंबंच का, ते मला अजून कळलेलं नाही. आपल्याकडे त्या लिंबांचं लोणचं तरी झालं असतं!) आता मुंबई-पुण्याकडेही हे शब्द ऐकू येतात आणि आपल्या पनवेलचे एजंटही ते शिकले आहेत.

तिकडे तरी याचा फायदा होतो का? तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने 2023 साली पाहणी केली, तेव्हा खरेदीदारांच्या बाजूने काम करणाऱ्या 81 टक्के एजंटांनी सांगितलं, की सजवलेल्या घरात गिऱ्हाइकाला ‘हे आपलं घर’ अशी कल्पना करणं सोपं जातं. पण हे मत एजंटांचं, आणि प्रश्न कल्पनेचा, पैशाचा नव्हे. लेन, सायलर आणि सायलर या तीन अभ्यासकांनी हीच गोष्ट तपासून 2015 साली निष्कर्ष छापला. एकच घर त्यांनी लोकांना वेगवेगळ्या रूपांत दाखवलं: कधी सौम्य रंगाच्या भिंती तर कधी भडक, कधी छान फर्निचर तर कधी जुनाट. लोकांना सजवलेलं घर राहायला जास्त चांगलं वाटलं खरं, पण त्यांनी देऊ केलेल्या किमतीत म्हणावा असा फरक पडला नाही. आवडलं जास्त, पैसे मात्र तेवढेच!

आपल्याकडे तर किंमत भिंतींच्या आत ठरतच नाही. पनवेलला गिऱ्हाईक पहिल्यांदा काय विचारतं? स्टेशन किती लांब, मजला कितवा, लिफ्ट आहे का, कार्पेट किती फूट, आणि पाणी किती वेळ येतं. उन्हाळ्यात देहरंग धरण तळाला गेलं की जुन्या पनवेलच्या बायका हंडे-कळश्या कशा मोजत बसतात, हे इथे राहिलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. त्यात आता विमानतळ. 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली आणि तेव्हापासून प्रत्येक एजंटाचं पहिलं वाक्य ‘विमानतळ इथून इतक्या मिनिटांवर’ हेच असतं. यातलं काहीही पडद्यांनी बदलत नाही.

दुसरी गोष्ट बँकेची. ती नीट समजून घ्या, कारण इथेच सजावटीचा खर्च बुडतो. गिऱ्हाईक बहुधा कर्ज काढूनच घर घेणार. बँकेचा माणूस येतो, फूट मोजतो, इमारतीचं वय पाहतो, शेजारपाजारचे व्यवहार कितीला झाले ते बघतो आणि आपला आकडा लिहितो. तुमचे पडदे नि झुंबर तो लिहीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच पैसे देऊ शकते. समजा, तुम्ही सजवून 50 लाख सांगितले आणि बँकेने घर धरलं 46 लाखांना. मग कर्ज मिळणार जास्तीत जास्त 36 लाख 80 हजार. उरलेले 13 लाख 20 हजार, शिवाय स्टँप ड्यूटी नि नोंदणी, हे सगळं त्या बिचाऱ्यांनी खिशातून घालायचं. घर कितीही आवडलं तरी इथे येऊन व्यवहार अडतो, नाहीतर भाव खाली येतो.

आता माझ्या थोरल्या जाऊबाईंची गोष्ट सांगते. त्यांचा नवीन पनवेलला सगळ्यांत वरच्या मजल्यावर वन-बीएचके. मुलगा पुण्याला स्थायिक झाला म्हणून विकायला काढला. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येई, पोपडे सुटत. एका एजंटाने सल्ला दिला, “वहिनी, त्या भिंतीला वॉलपेपर लावा आणि हॉलला पीओपीचं छत करून घ्या. दिवाळीत कोरडं असतं, तेवढ्यात उरकून टाकू.” खर्च एक लाख ऐंशी हजार.

जाऊबाई मला म्हणाल्या, “अगं, दिवाळीला घेणारी बाई जूनमध्ये मला शिव्या देईल ना? तिचंही लेकरूच झोपणार त्या भिंतीशी.”

मला त्यांचं हे बोलणं फार आवडलं. आणि नुसत्या चांगुलपणाचीच ही गोष्ट नाही बरं का. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा आहे, त्याचं कलम 55 सांगतं, की घरातला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, पण घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊनही त्याला दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. उघडा दिसणारा डाग पाहायचं काम गिऱ्हाइकाचं; पण त्यावर वॉलपेपर चिकटवला की तोच डाग तुमच्या गळ्यात येतो. पैसे हातात पडल्यावर वर्षभराने वकिलाची नोटीस यायला नको असेल तर ही सजावट टाळा.

जाऊबाईंनी काय केलं? आधी सोसायटीला लेखी अर्ज दिला. पुष्कळजणींना हे माहीतच नसतं, की सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारी पावसाची गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम आहे, तुमचं नव्हे. (वरच्यांच्या बाथरूममधून खाली गळत असेल तर ते मात्र संबंधित सभासदांनी आपसात निस्तरायचं.) चिटणीसांच्या मागे दोन महिने लागावं लागलं, पण बाहेरच्या भेगा भरल्या गेल्या. भिंत पूर्ण वाळू दिली, मगच पोपडे खरवडून, लांबी भरून तेवढ्याच खोलीला रंग काढला. नळ बदलले, दरवाजाची कडी बसवली, ओट्यामागच्या दोन फुटलेल्या टाइल्स लावल्या. सगळे मिळून एकतीस हजार. येईल त्या गिऱ्हाइकाला त्या आपणहून सांगत, “इथे ओल होती, अमुक महिन्यात दुरुस्ती झाली, ही सोसायटीची पत्रं.” एजंट कपाळाला हात लावून बसला होता! पण ज्या जोडप्याने घर घेतलं त्यांनी हे ऐकूनच घेतलं. घासाघीस केली, नाही असं नाही. भाव मात्र त्या गल्लीत चालू होता तोच मिळाला. एक पैसा जास्त नाही. सजवून घेतलं असतं तर एक लाख एकोणपन्नास हजार जास्तीचे गेले असते.

तेव्हा हात कुठे फिरवायचा ते सांगते. पहिला नंबर स्वयंपाकघराचा, कारण गिऱ्हाइकातली बाई तिथेच सगळ्यांत जास्त वेळ उभी राहते. ओट्याखालचे डबे-पिंपं हलवा, सिंकचा पाइप गळत असेल तर आजच प्लंबर बोलवा, भिंतीवरचा फोडणीचा चिकट थर सोड्याने घासून काढा. मग बाथरूम: फरशीच्या सांध्यांतलं काळं आणि बादल्यांची रांग, एवढं हटवलं तरी पुरे. माळ्यावरचा पसारा मात्र खराखुरा काढावा लागतो. जुनी गादी, मुलांच्या दहा वर्षांच्या वह्या, तुटका पाळणा. कधीतरी काढायचंच आहे ना? नाहीतरी टेंपोत भरताना काढालच. ते आधी केलं की खोली हातभर मोठी दिसते. गॅलरीतल्या कपड्यांच्या दोऱ्या त्या दिवशी सोडा, काचा पुसा, जुनाट ट्यूब बदला. उजेड ही सगळ्यांत स्वस्त सजावट आहे. हल्ली गिऱ्हाईक आधी मोबाइलवर फोटो बघून मगच जिना चढतं, म्हणून फोटो सकाळच्या उजेडात, सगळं आवरून झाल्यावर काढा. आणि एक नाजूक गोष्ट, त्या दिवशी बोंबील तळू नका. मलाही प्राण आहेत बोंबील, पण एक दिवस वरण-भातावर भागवा.

घर आधीच रिकामं केलं असेल तर भाड्याने फर्निचर आणायची गरज नाही. पण ओकीबोकी खोली लहान वाटते, पलंग कुठे नि कपाट कुठे हे समजत नाही. शक्य असेल तर एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या शेवटपर्यंत ठेवा.

फोटो उतरवण्याचा तो अमेरिकन सल्ला मात्र मला पटत नाही. आपल्याकडे घर बघायला येणारे आधी “तुम्ही मूळचे कुठले?” विचारतात, देव्हारा कुठल्या दिशेला आहे ते पाहतात. भिंतीवर आजी-आजोबांचा फोटो आणि गॅलरीत टवटवीत तुळस दिसली, की इथे माणसं सुखाने नांदली असं त्यांना वाटतं. राहू द्या ते.

खरं म्हणजे घर दाखवणं हे मुलगी दाखवण्यासारखंच झालंय. तेच चार लोक, तोच चहा, तेच “कळवतो”. आपण त्या कांदेपोह्यांतून गेलेल्या बायका. उसना दागिना घालून बसवलेल्या मुलीच्या मनाला काय वाटतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

सजावटीचे वाचलेले पैसे नि वेळ फाइलवर खर्च करा. मूळ करारनामा, आधीच्या मालकांचे करारनामे, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीच्या पावत्या, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र हे सगळं एका जागी हवं. शेअर सर्टिफिकेट अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर असेल तर रंगाऱ्याला नंतर बोलवा, आधी ते काम सुरू करा. त्याला महिने लागतात. इथली पुष्कळ घरं सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत आणि अशा घराच्या हस्तांतरणाला सिडकोची परवानगी व शुल्क लागत आलं आहे. तुमच्या इमारतीला आज काय लागू आहे, ते सिडकोच्या कचेरीत विचारून घ्या. एजंटाच्या तोंडी हिशेबावर राहू नका. सोसायटीनेही हस्तांतरणाचं प्रीमियम म्हणून पंचवीस हजारांच्या वर मागायचं नाही, असा 2001 सालचा सरकारी आदेश आहे. तुम्ही सहमालक असाल तर सही तुमचीही लागणार. मग सही करण्याआधी फाइल स्वतः वाचा, ‘हे बघतील’ म्हणून सोडू नका.

आणि लोक घर बघायला येतील त्या दिवशी दागिने, पासबुकं, मूळ कागद कुलपात ठेवा. दुपारी एकट्या असाल तर शेजारणीला बोलावून घ्या, नाहीतर सरळ संध्याकाळची वेळ द्या. आधार कार्डाची झेरॉक्स नुसतं बघायला आलेल्या कुणालाही देऊ नका. ती लागते ते व्यवहार ठरल्यावर.