अपुरा आलेला माल आणि शेतकऱ्याची दक्षता

बाजार समितीच्या आवारात धान्य विकावयास नेणारा शेतकरी काट्यावरून नजर हलवीत नाही. काटा स्थिर होण्यापूर्वी कोणी आकडा पुकारला, तर तो तेथल्या तेथे हरकत घेतो. परंतु तोच शेतकरी ऑनलाइन मागविलेल्या मालाचे खोके दारात आले म्हणजे ते न उघडताच ओटीपी सांगतो, खोके कोपऱ्यात ठेवून देतो आणि हातातील काम उरकल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी, ते सोडून पाहतो. विकताना जी दक्षता तो बाळगतो, ती विकत घेताना बाळगीत नाही. अपुऱ्या मालाचे तंटे चिघळतात ते पुष्कळदा या एका चुकीमुळेच.

फवारणीचा पंप, ठिबकचा संच, ताडपत्री, आच्छादनाचा कागद इत्यादी वस्तू आता खेडोपाडी घरपोच येतात. यात शेतकऱ्याची सोय आहे, यात शंका नाही. तथापि कधी पंप येतो व त्याचा चार्जर येत नाही. कधी ठिबकच्या उपनळ्या येतात व गाळणी राहून जाते. राहिलेल्या भागाची किंमत थोडी असते, म्हणून पुष्कळ जण तो विषय सोडून देतात. परंतु हानी त्या भागाच्या किमतीने मोजावयाची नसते. सोयाबीनमधील तण दोन ते चार पानांवर असताना करावयाची फवारणी चार्जरवाचून आठ दिवस लांबली, तर पुढे निंदणीची मजुरी अंगावर येते. शेतीत वेळ हाच मुख्य माल होय, आणि अपुऱ्या खोक्यातून प्रथम तोच कमी होतो.

याबाबतीत कायदा खरेदीदाराच्या बाजूस आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ३७ प्रमाणे ठरल्यापेक्षा कमी माल आल्यास खरेदीदारास तो नाकारता येतो. मात्र त्याने तो स्वीकारला, तर स्वीकारलेल्या मालाचे पैसे ठरल्या दराने द्यावे लागतात. सबब, मुकाट्याने माल वापरावयास घेणे हिताचे नव्हे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालील २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार सदोष, उणा अथवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास व पैसे परत करण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. तक्रार पोचल्याचे ४८ तासांत कळविणे व एक महिन्यात तिचे निवारण करणे हे तेथील तक्रार अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

तथापि कायदा पुराव्यावाचून लंगडा असतो. खोके सर्वांसमक्ष उघडावे आणि न फोडलेल्या खोक्यापासून शेवटची वस्तू बाहेर येईपर्यंत मोबाइलवर सलग चित्रण करावे. खोक्यावरील चिठ्ठीत वजन छापलेले असल्यास उघडण्यापूर्वी घरच्या काट्यावर वजन करून पाहावे. तफावत आढळल्यास तो चांगला पुरावा ठरतो. खोके, चिठ्ठी व बिल जपून ठेवावे. त्याचबरोबर विक्रेत्यावर अन्याय होऊ नये, म्हणून दोन गोष्टी तपासणे अगत्याचे आहे. एकाच मागणीचा माल कधी दोन खोक्यांतून निरनिराळ्या दिवशी येतो. तसेच चित्रात दिसणारी प्रत्येक वस्तू संचात असतेच असे नाही; काय मिळेल याची यादी वर्णनात दिलेली असते. ती यादी मागणी नोंदवितानाच मोबाइलमध्ये जतन करून ठेवणे उत्तम.

तूट निश्चित झाल्यावर फोनवर वाद घालीत बसण्यापेक्षा त्याच दिवशी लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. काय आले, काय आले नाही आणि काय हवे, हे तीन वाक्यांत लिहावे. काय हवे हे ठरविताना हंगामाचा विचार करावा. काम तोंडावर असता संपूर्ण पंप परत करणे म्हणजे पुन्हा रिकाम्या हाताने बसणे. अशा वेळी राहिलेला भाग अमुक तारखेपर्यंत पाठवावा, न आल्यास तो तालुक्याच्या ठिकाणी विकत घेऊन त्याची किंमत मागण्यात येईल, असे कळवावे व तेथील खरेदीचे बिल ठेवावे. तक्रारीसाठी इंटरनेटवर सापडेल तो फोन क्रमांक लावू नये; अशा खोट्या क्रमांकांवरून बँकेची माहिती काढून घेणारे भामटे असतात.

विक्रेत्याने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ही व्यवस्था निवाडा करीत नाही, समेट घडविण्याचा प्रयत्न करते. तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. विक्रेता परराज्यातील असला तरी तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार चालते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, आणि वकील देणे सक्तीचे नाही. शेतकरी हा ग्राहक नव्हे, असे कोणी सांगितल्यास घाबरू नये. बियाण्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली शेतकऱ्यास ग्राहक मानले आहे. मात्र पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालास हे संरक्षण लाभत नाही, हे शेतकरी गटांनी ध्यानात ठेवावे.

थोड्या रकमेसाठी भांडणे हलकेपणाचे, असे मानणारी सज्जन माणसे गावोगाव आहेत. परंतु वजनात किलोभर तूट धरणाऱ्या अडत्याशी शेतकरी भांडतो, तेव्हा तो केवळ किलोभर धान्यासाठी भांडत नाही. पुढच्या प्रत्येक पोत्याचे वजन खरे व्हावे, म्हणून भांडतो. हेच येथे लागू आहे. गप्प बसणारा खरेदीदार आपल्यामागून येणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याचेही नुकसान करतो. उलटपक्षी, पूर्ण माल मिळूनही तूट सांगणारा मनुष्य खऱ्या तक्रारदाराच्या शब्दाची किंमत घालवितो; असे वर्तन तितकेच निंद्य होय.

गावातील शिकलेल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांची तक्रार मोबाइलवर लिहून देण्याचे काम अंगावर घेतल्यास अर्धे काम होईल. उरलेले अर्धे ज्याच्या त्याच्या हाती आहे. दारात आलेले खोके हे बाजारातील पोत्यासारखेच मानावे, आणि मोजल्यावाचून आत घेऊ नये.